फरासीस साहेबाचा पूर्वज

“काल पाच हजार होते! आज सात कसे झाले?”

साहेबाचा बावर्ची हातातलं उलथनं माझ्या नाकापुढं नाचवत ओरडत होता. आत चुलीवर कांदा करपत होता, पण त्याचं त्याला काही नव्हतं. मी बंगल्याच्या अंगणात, कडुलिंबाखाली, फेटा सावरून उभा होतो. साहेबाच्या पूर्वजाला घोड्यावर बसवला होता, समोर शत्रूची फौज आणून उभी केली होती आणि एका दमात सात हजार मुंडकी उडवली होती. शत्रू मुसलमान होते. बावर्चीही मुसलमान होता, बाळापूरचा, वयानं माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला चाचा म्हणायचो.

“तुमी मोजले काय, चाचा?” मी विचारलं.

“मी कायले मोजू? कालचा आकडा तुमचाच. रातोरात हे दोन हजार आणखी कुठून आले मरायले? आन् एक सांगा भाटजी, आमच्यातला एखादा तरी पळाला असन का नाई? का सारेच मान पुढं करून रांगेत उभे होते?”

साहेब वेताच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसला होता. तो हसला नाही. कापसाच्या गाड्या घेऊन येणाऱ्या गाडीवानांकडून उचललेली मोडकीतोडकी वऱ्हाडी त्याला यायची. तो म्हणाला, “भाटबुवा, त्यानं एकबी माणूस नाई मारला. मी तुले सांगतलं होतं.”

सांगितलं होतं, हे खरं. पण ज्यानं एकही माणूस मारला नाही असा पूर्वज घेऊन भाटानं करायचं काय?

मी जातीनं भाट, धंद्यानं भाट आणि घशानंही भाट. देशमुखांच्या घराण्यांची बिरूदं म्हणणं हा आमचा पिढीजात धंदा. बिरूद म्हणजे घराण्याची कहाणी, पहिल्या पुरुषापासून आजच्यापर्यंत. ती कागदावर नसते, तोंडात असते. माझ्या बापानं ती माझ्या तोंडात घातली, त्याच्या बापानं त्याच्या. आवाज म्हणाल तर असा की बडनेऱ्याच्या वेशीत मी ललकारी दिली की अमरावतीत लावलेलं विरजण फाटायचं. मेळघाटातल्या एका वाघानं माझी ललकारी ऐकून मांस सोडलं. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण ज्यानं सांगितलं तो मीच असल्यामुळं शंका घ्यायचं कारण नाही.

मग अमेरिकेत भाऊ भावावर उठला, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला, आणि सारं जग वऱ्हाडाच्या काळ्या मातीपुढं पदर पसरून उभं राहिलं. लोक सांगतात, कास्तकारांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. लोक कमी सांगतात. मी एक बैल पाहिला आहे, जो अत्तराचा फाया कानात घातल्याशिवाय जुवाला मान देत नसे. कापूस घरात मावेना. ओसरीवर कापूस, माडीवर कापूस, जोंधळ्याच्या पेवात कापूस. एका गावात मारुतीच्या देवळात एवढा कोंबला की शेवटी मारुतीच बाहेर येऊन पिंपळाखाली राहायला लागला.

आणि माझं तोंड बंद झालं. भाटाला अंगण लागतं. देशमुखांची अंगणं आता छातीइतक्या कापसानं भरली होती. कापसाच्या ढिगासमोर तुम्ही कधी ललकारी दिली आहे? देऊ नका. आवाज आत जातो आणि परत येत नाही. ज्या आवाजानं दही फाटायचं तो दोन हातांवर जाऊन मऊ होऊन पडायचा. मी देशमुखाच्या सातव्या पुरुषाला मोठ्या कष्टानं किल्ल्याच्या तटावर चढवायचो, आणि ढिगाच्या पलीकडून देशमुख म्हणायचा, भाटबुवा आहे का कोणी तिकडं, मंग या, आता काटा लावून राहिलो. माझा एकुलता एक मुलगा अकोटला कापूस मोजायला लागला होता. बिरूदं शिकायला ये म्हणून निरोप धाडला तर त्यानं उलटा निरोप धाडला, बाबा, सध्या पूर्वजाचा भाव काय चालू आहे? बायको आधीच गेलेली. घरी मी चुलीला बिरूदं म्हणून दाखवायचो. चूल ऐकून घ्यायची, पण दाद द्यायची नाही.

असाच एकदा देशमुखाच्या अंगणात ढिगाला बिरूद ऐकवत होतो, तेव्हा हा फरासीस, म्हणजे फ्रान्सचा, साहेब माल बघायला आला. कापसात कोपरापर्यंत हात घालून तो तसाच उभा राहिला. मी थांबलो नाही, तोही हलला नाही. संपल्यावर त्यानं विचारलं की हा कोण मेला. मी सांगितलं, मेला नाही, हा देशमुखाचा सातवा पुरुष, सव्वादोनशे वर्षं झाली, अजून जिवंत आहे, कारण मी आहे. साहेबानं कापसातून हात काढला, बाहीला चिकटलेला कापूस एकेक करून उपटला आणि म्हणाला, “माह्याबी एक आहे. लई जुना. त्याचं म्हणशीन?”

अमरावतीत तेव्हा बरेच गोरे होते, पण सारे इंग्रज. ते संध्याकाळी एकमेकांकडं जमायचे. याला कोणी बोलवत नसे, की बोलवलं तरी हा जात नसे, ते मला कळलं नाही. चाचानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं की साहेब जेवताना त्याला, म्हणजे चाचाला, समोर उभं राहायला लावतो. वाढायला नाही. नुसतं उभं. घास चावताना त्याला समोर माणूस लागतो.

तर बाजार उठला की मी बंगल्यावर जायचो. साहेब आधी सांगायचा, मग मी उभा राहून म्हणायचो. त्याचा पूर्वज, सहाएकशे वर्षांपूर्वीचा, त्याच्या मुलखातला देशमुखच म्हणा. टेकडीवर गढी, खाली नदी, नदीवर पाणचक्की, आणि आसपासच्या साऱ्या गावांनी त्याच चक्कीवर दळायचं असा हुकूम. इथवर ठीक होतं. पण साहेब पुढं सांगायला लागला. म्हणे, दुधाचे दात पडले नाहीत तोच त्याला दुसऱ्या सरदाराच्या घरी धाडलं. तिथं तो ताटं उचलायचा, पंगतीत मांस कापून वाढायचा, घोड्यांची लीद काढायचा आणि दाराशी गवतावर निजायचा. मी कान पकडले. देशमुखाचं पोर दुसऱ्याच्या घरी खरकटं काढतं, हे मी कोणत्या तोंडानं म्हणू? साहेब म्हणाला, सारे तसंच करायचे, तो मान होता. मी पोराच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि त्या हातांनी एक रानडुक्कर मारवलं.

मग त्याला सरदारकी मिळाली, ती कशी, तर भर मंडळीत धन्यानं त्याच्या मानेवर एक जोराची चापट मारली. एवढंच. ती खाऊन न हलता उभं राहायचं, झाला सरदार. चाचा दारातून ऐकत होता. तो म्हणाला, तसं असेल तर लहानपणापासून मी बादशहा आहे, आमचे अब्बा रोज गादीवर बसवायचे. मी त्या चापटेची तलवार केली, तलवारीची वीज केली, आणि ती आभाळातून उतरून पोराच्या खांद्यावर बसली.

लग्न झालं, एक मुलगा झाला. आता लढाई येईल म्हणून मी दम भरून बसलो, तर साहेबानं काढलं मासळीचं भांडण. गढीच्या पायथ्याशी मठ होता, मठाच्या आणि गढीच्या मध्ये तळं, आणि त्या तळ्यातले मासे कोणाचे, यावर याचा आणि साधूंचा जन्मभर तंटाबखेडा. गढीत इतकी थंडी की भिंतींना पाणी सुटायचं, धुरानं डोळे आलेले, आणि हा सरदार रोज सकाळी उठून साधूंनी जाळं टाकलं का ते बघायला तळ्यावर जायचा. हे मात्र मी बदललं नाही. वऱ्हाडात धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण कळत नाही असा माणूस नाही. तळ्याला मी धुरा केलं आणि माशांना तूर.

शेवटी त्यानं शपथ घेतली की समुद्रापलीकडं, त्यांच्या देवाची कबर जिथं आहे त्या गावी, ती सोडवायच्या लढाईला जाईन. खर्चासाठी पाणचक्की गहाण टाकली, तीही त्याच साधूंकडं. तिकडं पोहोचला. इथं मी फौज उभी केली, आणि चाचा उलथनं घेऊन बाहेर आला, ते तुम्ही पाहिलंच.

साहेबाला मी त्या दिवशी समजावलं. म्हटलं, लोकांपुढं म्हणायचं बिरूद वेगळं असतं. त्यावर त्यानं विचारलं की मग लोकांपुढं कधी म्हणणार. हेच त्याला हवं होतं, हे मला तेव्हा समजलं. त्याला वाटत होतं की चार माणसांनी बसून ऐकावं, ऐकलेलं घरी जाऊन कोणाला तरी सांगावं, म्हणजे तो पूर्वज या मुलखात तरी राहील. त्याच्या मुलखात ते आता कोणी म्हणत नव्हतं.

दसरा जवळ आला होता. दसऱ्याच्या सुमाराला जुना कापूस गेलेला असतो आणि नवा यायचा असतो, तेवढेच दिवस देशमुखाचं अंगण मोकळं. मी जाऊन विचारलं. देशमुख म्हातारा, पैशानं नुकताच सुस्तावलेला. त्याला गंमत वाटली. म्हणाला, गोऱ्याचं बिरूद? आन बाप्पा, आतापर्यंत फक्त त्याचं माप ऐकलं, आता त्याचा बाप ऐकू.

सोनं वाटून झालं. मंडळी बसली. साहेब देशमुखाशेजारी गादीवर, मांडी घालता येईना म्हणून एक पाय पुढं काढून. मी उभा राहिलो. त्या दिवशी माझा आवाज! कापसानं दोन वर्षं गिळलेला सारा आवाज अंगणानं एकदम परत दिला. डुक्कर मेलं, वीज उतरली, तुरीचं भांडण निघालं तेव्हा मागच्या रांगेतले दोन सख्खे भाऊ एकमेकांकडं बघायला लागले. लढाईत मी चाचाचा मान राखून आकडा सांगितलाच नाही, म्हटलं, मोजणारेच उरले नाहीत. आणि पूर्वजाला हातातल्या तलवारीसकट रणात पाडला. मग पुढचे पुरुष भराभर घेत साहेबाच्या नावापर्यंत आलो आणि रिवाजाप्रमाणं हात पुढं करून विचारलं, “पुढं?”

हा रिवाज सांगायला हवा. जिवंत पुरुषाचं नाव घेऊन झालं की भाट थांबतो आणि विचारतो, पुढं? यजमान आपल्या मुलाचं नाव सांगतो, भाट ते उचलतो, मंडळी म्हणतात, चालू राहो. तेव्हा बिरूद पुरं होतं. ज्याच्या मागं कोणी नाही, त्या घराचं बिरूद शेवटचं एकदा म्हणायचं आणि मिटायचं. पुन्हा ते तोंडातून काढायचं नाही, शिकवायचंही नाही. माझ्या पोटात अशी कितीतरी मिटलेली घराणी आहेत. पोट दुखतं तेव्हा वैद्य म्हणतो वात आहे. मला माहीत आहे कोण आहेत.

साहेबाला मी आधी विचारलं नव्हतं. कोण विचारतं? वयानं पिकलेला, बोटात लग्नाची अंगठी, मोठ्या कामावरचा माणूस. त्याला मुलगा असणार हे आमच्यात धरूनच चालतात, जसं विहिरीला पाणी असणार.

साहेबानं माझ्या पुढं केलेल्या हाताकडं बघितलं. त्याला प्रश्न कळला होता. देशमुखाचं पान चघळणं थांबलं. मागं कोणाच्या तरी कुशीतलं पोर रडत होतं, तेही गप्प झालं. साहेबानं पुढं काढलेला पाय हळूच आत ओढून घेतला.

माझी जीभ माझ्या आधी हलली. “पुढं चिरंजीव!” असं म्हणून मी एक नाव फेकलं. ते मी असं वाकडंतिकडं केलं होतं की मलासुद्धा ते पुन्हा म्हणता आलं नसतं. चिरंजीव सहा हात उंच होता, मिसरूड फुटत होतं, घोड्याला पाठीवर घेऊन नदी ओलांडत होता, म्हणजे घोडा त्याला घेऊन, पण कोण कोणाला हे लांबून कळत नसे. मंडळी म्हणाली, चालू राहो. देशमुखानं आतून एक जरीचा फेटा आणवला आणि साहेबाच्या दोन्ही हातांवर ठेवला, चिरंजीवांसाठी. साहेबानं तो तसाच दोन्ही हातांवर धरून गाडीपर्यंत नेला.

गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, “उद्यापासून येऊ नको, भाटबुवा.”

मी म्हटलं, साहेब, मी तुमचं घर वाचवलं. त्यानं फेटा मांडीवर ठेवला आणि गाडीवानाला निघायला सांगितलं.

मग नवा कापूस आला आणि अंगणं पुन्हा भरली. ते वर्ष मला आठवतं ते असं की मी बोलतो आहे आणि काहीच होत नाही. गावात माणसं होती, बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, पण साऱ्यांची तोंडं काट्याकडं. सकाळी फेटा बांधायचो, संध्याकाळी सोडायचो, मधल्या वेळात फेट्याखाली कोणी होतं का, हे विचारायला कोणी आलं नाही. बंगल्यावरून जाताना मी मुद्दाम खाकरायचो. माझं खाकरणं म्हणजे दुसऱ्याची तोफ. आतून कोणी बाहेर येत नसे.

एकदा चाचा बाजारात भेटला. लसणाचा भाव करता करता म्हणाला की देशमुखाची माणसं माल घेऊन आली की साहेबाला विचारतात, चिरंजीव काय म्हणतात. रिवाजच तो, घरच्यांची खुशाली विचारल्याशिवाय आमच्यात काटा लावत नाहीत.

“मंग साहेब काय म्हणते?” मी विचारलं.

“आधी काईच नाई म्हणे. तोंड फिरवून घे. मंग मंग मान हलवाले लागला.” चाचानं लसणाची गड्डी नाकाशी नेली. “आन् काल म्हणला, बरा आहे.”

“असं म्हणला?”

“बरा आहे म्हणला. जरा खोकला आहे म्हणला. अल्ला कसम, भाटजी, मले त्याईच्या खोकल्याची चिंता लागली.” मग थोड्या वेळानं म्हणाला, “थो फेटा पेटीत नाई ठेवला त्यानं. खुंटीवर आहे.”

अमेरिकेतली लढाई थांबली. तिथला कापूस पुन्हा निघाला आणि आमचा भाव असा पडला की पडल्याचा आवाज मला घरात ऐकू आला. चांदीच्या धावा उतरल्या, अत्तराच्या बैलाला सरकी मिळेना. एकेक करून गोऱ्यांचे बंगले रिकामे व्हायला लागले. एका सकाळी चाचा दारात आला. साहेबाला परत बोलावलं होतं. रेल्वे तेव्हा अकोल्याला आली होती, तिथून तो मुंबईला आणि मग बोटीनं जाणार. चाचा म्हणाला, “गाडीत एका माणसाची जागा आहे. तुमाले बोलावून राहिला.”

साहेब, चाचा आणि मी निघालो. अमरावती ते अकोला बैलगाडीनं म्हणजे हाडं मोकळी करून पुन्हा जोडायचा रस्ता. पहिला दिवस साहेब गप्प होता. मीही गप्प होतो. मी एवढा वेळ गप्प बसलेला बघून गाडीवानानं दोनदा वळून मी जिवंत आहे का ते पाहिलं. मूर्तिजापूरला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, आणि साहेब बोलायला लागला. पूर्वजाचं जे उरलं होतं ते त्यानं सांगितलं. मी त्याला रणात पाडला होता त्याच्या पुढचं.

तो रणात पडलाच नव्हता. ते सांगून झाल्यावर साहेब म्हणाला की आमच्या घरात नेहमी दोन पूर्वज होते. बाहेर गाण्यातला, आत खरा. बाप मुलाला दार लावून खरा सांगायचा. मला माझ्या बापानं सांगितला. मी कोणाला सांगू?

मग तो माझ्याकडं वळला. “एक डाव जसा होता तसा म्हण, भाटबुवा. बसून म्हण. वरडू नको.”

बसून मी आयुष्यात बिरूद म्हटलं नव्हतं. फेटा काढून मांडीवर ठेवला आणि म्हटलं.

म्हटलं, एक माणूस होता. लहानपणी त्यानं दुसऱ्याच्या घरी ताटं उचलली आणि दाराशी गवतावर निजला. मोठा झाल्यावर त्यानं एक चापट खाल्ली आणि तो सरदार झाला. त्याची गढी थंड होती. साधूंशी तो माशांवरून भांडला. मग चक्की गहाण ठेवून तो लांब लढाईला गेला. बोटीतून उतरला तो आजारी पडला, हगवण लागली, खेचरांच्या मागं रेंगाळला, आणि तलवार म्यानातून काढायच्या आत धरला गेला. ज्यांनी धरलं त्यांच्यापैकी एकानं त्याला आपल्या बागेत कामाला ठेवलं.

“त्याले जेवू घातलं का नाई?” चाचानं मधेच विचारलं.

“घातलं,” साहेब म्हणाला. “दोन टाईम.”



म्हटलं, तो तिथं त्यांची भाषा शिकला. झाडांना पाणी घातलं. पुष्कळ वर्षांनी त्याला सोडलं आणि तो चालत घरी आला, दात पडलेला, लंगडत. गढीत मेजवानी होती. दाराशी उभं राहून त्यानं ऐकलं, आत भाट गात होता. तो कसा लढला, किती मारले, कसा तलवार हातात घेऊन पडला. त्याचा मुलगा उंच आसनावर बसून ऐकत होता. मुलगा त्याच गाण्यावर वाढला होता. म्हातारा पुढं गेला आणि त्यानं आपलं नाव सांगितलं. मुलानं त्याच्याकडं बघितलं, भाटाकडं बघितलं, आणि म्हाताऱ्याला भाकरी द्यायला सांगितली. त्यानं भाकरी घेतली. खाली मठात गेला. साधूंनी त्याला ठेवून घेतला. तो तळ्यातल्या माशांना दाणे टाकायचा. मरताना त्यानं मुलाला बोलावणं धाडलं आणि मुलगा आला. मुलाला तेव्हा पटलं. पण गाणं बंद झालं नाही.

संपलं. अजून बोरगावची झाडंसुद्धा दिसत नव्हती. दसऱ्याला हेच बिरूद म्हणताना दोनदा मशालीत तेल घालावं लागलं होतं. मी, पुढं, असं विचारलं नाही. साहेब पऱ्हाट्यांकडं बघत होता. गाडीवानानं बैलाची शेपटी पिरगाळली. चाचानं डब्यातली पोळी काढून तिचे चार भाग केले आणि एकेक आमच्या हातात दिला.

अकोल्याला स्टेशनावर गाडी उभी होती. इंजिनाचा धूर खाली बसत होता. सामान चढलं. चाचानं वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या आणि साहेबाचा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी पुटपुटला, बहुतेक दुवा, आणि मग उगाच दोऱ्या बघायला पेटीकडं गेला. साहेब डब्यात चढला, खिडकीशी बसला. त्या डब्यात दुसरं कोणी नव्हतं. तो जरीचा फेटा त्यानं बाकावर आपल्या शेजारी ठेवला होता, एखाद्याची जागा धरावी तसा.

मी खिडकीशी गेलो. एवढ्या हळू आवाजात मी कधी बोललो नव्हतो.

“साहेब, एक विचारतो. बैलगाडीत मी म्हटलं तेच बिरूद ठेवलं, तर ते मिटलं. एक डाव म्हटलं, झालं. आता मले ते तोंडातून काढता येत नाई. पण चिरंजीव ठेवले तर जीव आहे तोवर दर दसऱ्याले म्हणतो. डुक्कर, वीज, सारं. पण मंग ते तुमच्या बाहेरच्या गाण्यासारखंच होते. तुमाले नको तेच. सांगा, काय करू?”

त्यानं ऐकून घेतलं. टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, मांडीवर ठेवली. पुढं कुठंतरी शिट्टी झाली, डब्यांनी एकमेकांना धक्का दिला. मी खिडकीचा गज धरून चालायला लागलो.

“पोरगा राहू दे,” तो म्हणाला.